ताईची सोय

माझ्या थोरल्या बहिणीला मी हॉटेलात उतरवलं. तेही जबलपूरला, तिच्या माहेरात, माझं घर त्या हॉटेलापासून जेमतेम अर्ध्या तासावर, त्याच शहराच्या रांझी भागात असताना. ही गोष्ट मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही. बायकोला माहीत आहे, कारण ती सगळ्याला साक्षी होती. पण ती त्याबद्दल बोलत नाही. तिने एकदा कडाडून भांडून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आधी नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या मूर्खपणाचं मूळ तिथं आहे. रांझीच्या फॅक्टरीत मी ऑफिसात बाबू होतो. बाहेरगावाहून तपासणीला साहेब लोक यायचे, त्यांच्या राहण्याची व्यवस्था माझ्या टेबलावर. रेस्ट हाउस भरलेलं असलं की शहरात हॉटेल बघायचं. माझी एक लांब वही होती. त्यात कोणत्या हॉटेलात लिफ्ट आहे, कुठं गरम पाणी सकाळी लवकर येतं, कुठला जनरेटर नुसताच दाखवायला ठेवला आहे, सगळं लिहिलेलं. एका साहेबांना पाठीचा त्रास होता, तर ते यायच्या आदल्या दिवशी मी गादीखाली फळी टाकून घेतली होती. साहेब स्टेशनवर उतरले की गाडी थेट हॉटेलच्या दारात, आणि खोलीत गेले की चहा समोर. आधी काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. निवृत्त होईपर्यंत माझ्याविरुद्ध एकही तक्रार गेली नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी घरीही घेऊन आलो.

आमचे आजोबा वर्ध्याकडून नोकरीसाठी इकडं आले. वडील फॅक्टरीत, मीही फॅक्टरीत. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई सारखी आजारी असायची, त्यामुळं मला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईने केलं. ती लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हा मी तिच्या पेटीवर बसून राहिलो होतो, म्हणतात. मला ते आठवत नाही. तिला आठवतं.

दर दिवाळीला ती चार दिवस यायची. आई-वडील असताना यायची, ते गेल्यावरही येत राहिली. मधल्या खोलीत दाराशी तिची गादी पडायची. माझ्या बायकोशी बोलत बोलत झोपायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंगणातल्या रांगोळीच्या रेघा मोडून पुन्हा काढायची. आई-वडील गेल्यावर बाईचं माहेर म्हणजे भावाचं घर. तेही गेलं की त्या गावात ती पाहुणी. हे मला कोणी शिकवायला हवं होतं असं नाही. आमच्या घरात तर चारजणांच्या जागेत अकरा पाहुणे झोपलेले मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या एकालाही कोणी हॉटेलचं नाव सुचवलं नव्हतं. पाहुण्याला हॉटेल दाखवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, असं आमच्याकडे मानतात. मीही मानायचो.

मग ताईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. त्या वर्षी ती आली नाही. पुढच्या वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी तिचा फोन आला.

"येऊ का रे राजा यंदा?"

"त्यात विचारायचं काय, ताई? ये नं."

"नाही म्हटलं, आता मी पहिल्यासारखी नाही राहिली. खाली बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. तुम्हाला त्रास होईल."

"त्रासबिस काही नाही. तू फक्त ये. सोय मी पाहतो."

तिने याआधी कधी 'येऊ का' विचारलं नव्हतं. 'येऊन राहिली' एवढंच कळवायची. मी ते ऐकलं आणि त्यावर विचार केला नाही. माझ्या डोक्यात वही उघडली होती.

आमचं घर असं: खालचा भाग एका दुकानाला भाड्याने दिलेला, आम्ही दोघं वर. जिना अरुंद आणि उभा. संडास देशी. झोपायला एक दिवाण, बाकी गाद्या जमिनीवर. ताईला यातलं काहीच चालणार नव्हतं. बायको म्हणाली, "मेडिकलच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते. संडासात ठेवली की झालं. दिवाण ताईंना देऊ. जिना आपण दोघं हात धरून चढवू. एकदा वर आल्या की चार दिवस खाली उतरायचं कामच काय?"

"ताई काय दवाखान्यात भरती व्हायला येऊन राहिली?" मी ओरडलो. "जन्मभर तिने आमचं केलं. आता तिला जरा आराम मिळू दे. मी चांगलं हॉटेल पाहतो."

"ताईंना विचारलं काय तुम्ही?"

"विचारायचं काय त्यात?"

"नाही, विचारून तर पाहा. काहून नाही विचारत?"

मी विचारलं नाही. तिला चकित करायचं होतं.

वही घेऊन मी निघालो. मदनमहाल, राइट टाउन, नेपियर टाउन, हा सगळा पट्टा एकेकाळी मला तळहातासारखा ठाऊक होता. निवृत्त होऊन फार वर्षं झाली नव्हती. पण पहिल्या हॉटेलाच्या जागी रक्त तपासायची लॅब निघाली. दुसऱ्याचं कोचिंगच्या मुलांचं हॉस्टेल झालेलं. ज्या बाल्कनीत साहेब चहा घ्यायचे तिथं दोऱ्या बांधून बनियनं वाळत होती. तिसऱ्याची तर जागाच सापडेना. मी दोनदा त्याच रस्त्याने गेलो. शेवटी पानटपरीवाल्याला विचारलं. तो उड्डाणपुलाकडे हात करून म्हणाला, "अंकल, वो तो पुल में चला गया."

जिथं पेरूची झाडं असलेले बंगले होते तिथं काचेच्या इमारती आल्या आहेत. खाली मोटारींची शोरूम, वर बँक, त्याच्या वर जिम आणि सगळ्यात वर हॉटेल. माझ्या वहीतलं एकही नाव उरलं नव्हतं. तिथंच मी ती वही मिटून घरी परतायला हवं होतं. पण मला चेव चढला. तीन दिवसांत मी सात हॉटेलं पाहिली. एकात न्हाणीघराला काचेची भिंत. आतला माणूस पलंगावरून दिसावा ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. एकात पलंग इतका ठेंगणा की ताई बसली तर क्रेनने उठवावी लागली असती. एकात लिफ्ट झकास, पण लिफ्टपर्यंत जायला पाच पायऱ्या. शेवटी एक मिळालं. दाराशी उतरण, मोठी लिफ्ट, शाकाहारी स्वयंपाकघर. मी खिशातून टेप काढून पलंगाची उंची मोजली. न्हाणीघरात जाऊन कपड्यांसकट कमोडवर बसून पाहिलं आणि हाताने भिंतीचा आधार कुठं सापडतो ते बघितलं. रिसेप्शनवरची मुलगी बाहेर उभी होती. मी बाहेर आलो तेव्हा ती हसू दाबत होती, आणि मी मात्र फार मोठं काम फत्ते केल्यासारखा ऐटीत होतो.

"सर, लोकल आईडी पर हम रूम नहीं देते," ती म्हणाली.

"मेरे लिए नहीं. दीदी के लिए."

"मैम लोकल हैं?"

"नहीं," मी म्हणालो. "नागपुर की हैं."

तिच्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ताईबद्दल हे वाक्य मी प्रथमच बोललो. बोलताना काही वाटलं नाही.

पाडव्याच्या दिवशी ती आली. भाच्याने नागपूरला गाडीत बसवून दिलं होतं. तिच्याजवळ एक पिशवी, फराळाचा डबा, आणि जुन्या चादरीत घट्ट शिवलेलं एक चपटं, लांब गाठोडं. ते उचलायला जड होतं.

"ताई, हे काय आणलं?"

"राहू दे, घरी गेल्यावर दाखवते."

मी ओळखीच्याची मोटार सांगून ठेवली होती. गाडी मदनमहालच्या बाजूला वळली तेव्हा ताई म्हणाली, "रांझीला इकडून जाऊन राहिले काय आता?" मी म्हणालो, "थांब, गंमत आहे." हॉटेलच्या दारात गाडी थांबल्यावर ती आतच बसून राहिली. मला इथं काहीतरी काम असेल, मी आटपून येईन, असं तिला वाटलं.

"उतर, ताई. तुझी सोय इथं केली आहे."

तिचा चेहरा एकदम उतरला. "काहून? घरी काय झालं? बायकोची तब्येत ठीक आहे नं?"

"घरी सगळं ठीक आहे. पण जिना, संडास... तुझे गुडघे. इथं बघ, लिफ्ट आहे, सगळं आहे."

तिने वर हॉटेलच्या पाटीकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूच उतरली. "अच्छा," ती म्हणाली. "अच्छा, चलो."

रिसेप्शनच्या मुलीने रजिस्टर पुढं केलं. कुठून आलात, कशासाठी आलात, असे रकाने होते. ताईने नागपूर लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मुलगी बोलायला गोड होती. तिने सहज विचारलं, "आंटीजी, जबलपुर पहली बार आई हैं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहून हसली.

"हाँ बेटा, पहली बार."

मी हसलो. मला वाटलं, ताई थट्टा करते आहे.

खोलीत गेल्यावर मी एकेक गोष्ट दाखवली. हा दिव्याचा खटका, हे गरम पाणी, ही घंटी. साहेबांना दाखवायचो त्याच क्रमाने. ताई "हो, हो" म्हणत होती. खिडकीशी जाऊन तिने विचारलं, "आपलं घर कोणत्या बाजूला आलं?" मी हात दाखवला. खरं सांगतो, मलाही कळलं नव्हतं. खाली नुसता पूल होता.

दोन वेळचं जेवण बायको डब्यात भरून द्यायची आणि मी रांझीहून घेऊन यायचो. बायको एकदा येऊन बसली, पण खोलीत एकच खुर्ची. दोघी पलंगाच्या काठावर शेजारी शेजारी बसल्या आणि दवाखान्यात भेटायला आलेल्या माणसांसारख्या हळू आवाजात बोलल्या. भाऊबीजेला ताईने तबक तयार केलं तर हॉटेलवाले खोलीत निरांजन लावू देईनात, छताला धूर लागताच वाजणारं यंत्र होतं. तिने न पेटवलेल्या निरांजनानेच मला ओवाळलं. "असू दे, वात तर आहे नं," म्हणाली.

त्याच दिवशी तिने माझ्याकडे एकमेव गोष्ट मागितली: "एकदा घर पाहून येऊ?" मी तिला गाडीतून रांझीला नेलं. गाडी घरासमोर उभी राहिली. ताईने काच खाली करून जिन्याकडे बघितलं. खालून वरपर्यंत नजर नेली आणि पायऱ्या मोजल्यासारखे ओठ हलवले.

"चढू का रे? हळूहळू?"

"कशाला उगाच त्रास, ताई? डॉक्टर काय म्हणाले आठव."

हे मी म्हणालो. माझ्या या तोंडाने म्हणालो. बायको वरच्या कठड्याशी उभी होती, तिने ऐकलं. ती आत गेली आणि चहा घेऊन खाली आली. ताईने गाडीत बसून चहा घेतला. शेजारची बाई येऊन म्हणाली, "अरे दीदी! कब आईं? ऊपर नहीं जा रहीं?" ताई म्हणाली, "नहीं जी, जल्दी में हूँ." मग बशी पदराने पुसून बायकोच्या हातात दिली. तिला घाई कसलीच नव्हती. हॉटेलात जाऊन ती दुपारभर पलंगावर बसून होती.

निघायच्या दिवशी बायको ओटीचं सामान घेऊन हॉटेलवर आली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ओटी भरून झाली की लेकीने त्यातले चार दाणे माहेरात परत ठेवायचे, घर भरलेलं राहावं म्हणून, अशी आमच्याकडे रीत आहे. ताई ते देव्हाऱ्यातल्या तांदळाच्या वाटीत ठेवायची. आई असताना आई वाटी पुढं करायची, नंतर माझी बायको. त्या दिवशी बायकोने ओटी भरली आणि तिचे हात रिकामे राहिले. वाटी आणायचं तिला सुचलं नव्हतं, किंवा ती हॉटेलात आणायची नसते हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

ताईने सवयीने चिमटीत चार दाणे घेतले. मग तिने खोलीभर पाहिलं. टेबलावर हॉटेलचं मेनूकार्ड होतं, टीव्ही होता, चहाची किटली होती. खाली गालिचा. चिमूट तशीच धरून ती बराच वेळ उभी राहिली. मी पुढं होऊन हात पसरला. मी म्हणालो, "ताई, माझ्या हातात दे. मी घरी जाऊन ठेवतो."

"असं नसतं, राजा," ती म्हणाली. रागावून नाही. लहानपणी मला गणित समजावून सांगायची तसं. तिने ते दाणे परत ओटीत टाकले आणि पदराची गाठ मारली.

स्टेशनवर मी तिला जागेवर बसवलं, पिशवी आत ठेवली. ते शिवलेलं गाठोडं आत सरकवायला लागलो तर तिने माझा हात धरला.

"ते नको. ते घेऊन जा तू."

"का? आहे काय त्यात?"

"तिकडं घरी माझ्याकडे आहे सगळं. हे इथल्यासाठीच घेतलं होतं."

गाडी सुटली. मी तिच्यासोबत चार डबे चाललो, मग ती दिसेनाशी झाली. घरी येऊन बायकोने कात्रीने टाके उसवले. आत घडीची कमोडची खुर्ची होती. कोरी करकरीत, प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. तिने माझं घर डोळ्यांपुढं आणून, माझा संडास, माझी पायरी, सगळं आठवून, कोणाला त्रास नको म्हणून आपली सोय आपणच बरोबर आणली होती. आणि मी सात हॉटेलांत टेप घेऊन फिरत होतो. बायकोने चादरीची घडी घातली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसून रडलो. रडून काय होणार होतं?

तिला फोन करून माफी मागावी असं शंभरदा मनात आलं. माफी मागितली की ती म्हणायची, "कशाची माफी, वेडा का तू? किती छान ठेवलं मला." तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. त्यानंतरची दिवाळी आली. "यंदा जमेल असं वाटत नाही," ती म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी सुनेचं काही कारण निघालं. प्रवासाला ती घाबरत होती असं नाही; त्याच सुमारास ती अमरावतीला पुतणीकडे जाऊन आठ दिवस राहून आली, हे मला भाच्याकडून कळलं.

यंदा मी खालच्या दुकानदाराला जागा सोडायला लावली. खाली खोली केली, उंच पलंग टाकला. कमोड बसवला, भिंतीला दोन्ही बाजूंनी धरायला नळ्या लावल्या. त्यांची उंचीही मी टेपने मोजली; सवय जात नाही. बायकोने देव्हाराच खाली आणला, तांदळाच्या वाटीसकट. सगळं झाल्यावर मी ताईला फोन लावला. मी म्हणालो, "ताई, आता एक पायरी चढायची नाही. खालीच सगळं केलं. घरी ये. तुझ्याच घरी ये."

मी कमोडचं सांगितलं, पलंगाचं सांगितलं, देव्हाऱ्याचंही सांगितलं.

"अच्छा?" ती म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता, हे मला आवाजावरून कळत होतं. "चांगलं केलं, राजा. फार चांगलं केलं. आता आल्यागेल्या पाहुण्यांची सोय झाली."

मी हो म्हणालो.